माळावर नेमणूक झालेल्या तुला

चिरंजीव,
सप्रेम आशीर्वाद.

सोलापूरजवळच्या नान्नजला वनरक्षक म्हणून रुजू झालास, याचा फार आनंद झाला. "इथे जंगलच नाही, मग राखायचं काय?" असं तू विचारलं आहेस. याच प्रश्नाने आपल्या माळरानांचा घात केला. झाडं नाहीत म्हणजे जमीन पडीक, असं दप्तरात लिहिलं गेलं आणि लोकांनीही तेच धरलं. मग कुठे नांगर फिरला, कुठे गिरिपुष्पाच्या झाडांची लागवड झाली. माळढोक पक्ष्याला मात्र उघडा माळच लागतो. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही जमिनीवर. चहूकडे लांबवर दिसलं तरच तिला धोका वेळेत कळतो.

१९७९ साली तुझ्या भागात माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं, ते सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचं. त्यात गावं आली, शेतं आली, रस्ते आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं पडली आणि ज्यांच्या ज्वारी-करडईच्या रानात तो पक्षी पिढ्यान्‌पिढ्या चरत होता, त्यांनाच तो नकोसा झाला. पुढे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर पाणी पोचलेल्या रानांत ऊस आणि द्राक्षं उभी राहिली होती. मला या इतिहासाचं फार वाईट वाटतं. राखीव क्षेत्र हवंच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण भोवतीच्या माणसांना ते आपलं वाटलं नाही, तर नुसत्या अधिसूचनेने पक्षी वाचत नाही.

आज देशात माळढोक उरले ते दीडशेच्या आसपास, बहुतेक जैसलमेरकडे. तुला तो दिसेलच असं नाही. पण म्हणून तुझं काम संपत नाही. तुझ्या माळावर लांडगा आहे, काळवीट आहे, खोकड आहे, धाविक आणि चंडोल हे पक्षी आहेत. शिवाय गवताची मुळं माती धरून ठेवतात, पाऊस मुरवतात. सोलापूरसारख्या अवर्षणी मुलखात याची किंमत विहिरीवाल्याला विचार.

पहिल्या वर्षात धनगरांच्या वाड्यांवर जात जा. मेंढरू लांडग्याने नेलं असेल तर पंचनाम्याला त्याच दिवशी पोच आणि भरपाईचा कागद पुढे सरकेपर्यंत पाठपुरावा कर. उशीर झाला की विषप्रयोगाची भीती असते. कुसळी, मारवेल, पवन्या ही गवतं त्यांच्याकडूनच ओळखायला शीक; कोणतं कधी कापावं, कुठे चराई थांबवावी, हे त्यांना ठाऊक असतं.

आणि पावसाळ्यात कोणी रोपं घेऊन हौसेने येईल. त्यांचा हिरमोड करू नकोस. शाळेचं आवार दाखव, गावठाण दाखव, रस्त्याची कड दाखव. माळावर मात्र एकही खड्डा खणू देऊ नकोस.

तुझा,
काका