खाडे, लिफ्ट आणि हरवलेली चेन

प्रश्न : पोळ्या-भांड्यांना येणाऱ्या मावशींना आम्ही महिना 3,000 रुपये देतो. मे महिन्यात 15 दिवस गावी होतो म्हणून 1,500 कापले, तर त्या चिडल्या. काम झालंच नाही, मग पगार कसला? (पुणे)

कापलेले 1,500 परत द्या. पाच-सहा घरं धरणाऱ्या बाईचा दिवस तासांत बांधलेला असतो. नऊ ते दहा तुमचं घर, दहाला पलीकडच्या इमारतीतलं. तो नऊचा तास फक्त पंधरा दिवसांसाठी तिला दुसरीकडे लावता येत नाही. आणि तिने तिथे कायमचं दुसरं घर धरलं असतं, तर परतल्यावर तुमची भांडी कुणी घासली असती? तुम्ही गावाला जायचं ठरवलंत, त्याचा खर्च तिच्या पगारातून निघू नये.

ती स्वतः आली नाही, तर तो खाडा. त्याचा हिशेब आधी ठरवावा लागतो. 3,000 भागिले 30, म्हणजे दिवसाचे 100. महिन्याला 2 सुट्ट्या भरपगारी ठरल्या आणि 5 दिवस चुकले, तर 3 दिवसांचे 300 कापायचे, 500 नाही. बहुतेक घरांत गडबड होते ती दुसऱ्याच जागी. खाडा लक्षात राहतो, पाहुण्यांचा आठवडा राहत नाही. चौघांच्या जागी नऊ माणसांची भांडी सात दिवस घासली, तर ते जादा काम आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खाड्याला फुली करत असाल, तर जादा कामालाही गोल करा, आणि दोन्ही खुणा तिच्यासमोर करा.

काम लावतानाच एका कागदावर लिहा : कोणती कामं, घरात माणसं किती, पगाराची तारीख, भरपगारी सुट्ट्या, पाहुणे आले तर किती, दिवाळीला काय, वाढ कोणत्या महिन्यात. दोन प्रती काढा. ‘आणि वरचं किरकोळ’ हे शब्द त्यात नकोत. त्या किरकोळात हळूहळू भाजी निवडणं, गॅलरी धुणं, मुलाला बसवर सोडणं असं सगळं शिरतं आणि पगार तेवढाच राहतो. ‘ती घरच्यासारखीच आहे’ असं म्हणणाऱ्या घरांत हे जास्त होतं.

पुण्यात 1980 साली मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. राज्यात 2008 पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदाही आहे. पण मंडळाचं काम कल्याण योजनांचं. तुमच्या घरातला पगार आणि खाडे तुम्हा दोघांनाच ठरवावे लागतात. मंडळाच्या नोंदणीला ती काम करते असा दाखला लागतो आणि सही करायला लोक कचरतात. ती सही द्या. तुम्ही फक्त ती तुमच्याकडे काम करते एवढंच लिहून देता.

प्रश्न : आमच्या सोसायटीत कामवाल्यांनी मागची लिफ्टच वापरावी अशी पाटी लागली आहे. सभासद म्हणून काय करू? (ठाणे)

पाटी कोणत्या ठरावाने लागली, हे आधी सचिवांना लेखी विचारा. ठराव नसेल तर ती काढायला सांगा. असेल तर सर्वसाधारण सभेत विषय मांडा. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हायची असते आणि आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, तिची नोटीस 14 दिवस आधी निघते. तुमचं पत्र त्याआधी पोहोचलं पाहिजे, नाहीतर विषय ‘ऐनवेळचे विषय’ या रकान्यात जाऊन चहाच्या वेळेला येतो. गर्दीचं कारण दिलं जाईल. गर्दी असेल तर नियम वेळेचा करा आणि तो सगळ्यांना लावा. सामान, सिलिंडर, कचऱ्याच्या बादल्या मागच्या लिफ्टने जाऊ देत. माणसाला सामानात धरू नये.

जात विचारून कप किंवा लिफ्ट वेगळी केली जात असेल, तर तो गरीब-श्रीमंताचा प्रश्न राहत नाही. घटनेच्या कलम 17 ने बंद केलेली ती अस्पृश्यता आहे आणि तिची पोलिसांत तक्रार होते.

प्रश्न : आई ज्या घरी काम करते तिथे सोन्याची चेन हरवली. आळ आईवर आला, गेटवर तिची एंट्रीही बंद केली. (नवी मुंबई)

घरमालकांना तिची झडती घेण्याचा अधिकार नाही. पोलिसांनी झडती घ्यायची म्हटली, तरी स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची असते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादाच्या प्रसंगी स्त्री अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी, दोन्ही लागतात. कुणी घरातल्या घरात ‘कबूल कर, सोडून देतो’ म्हणालं तर आईने कुठल्याही कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. 15100 या मोफत कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनवर फोन करा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

केलेल्या दिवसांचा पगार आजच व्हॉट्सॲपवर मागा, तारखा आणि रक्कम लिहून. चेन घरातच सापडली, तर नुसत्या ‘सापडली हं’ वर थांबू नका. सोसायटीला द्यायला दोन ओळी लिहून घ्या आणि गेटवरची एंट्री त्याच दिवशी सुरू करून घ्या, कारण त्याच गेटातून आईची बाकीची घरं आहेत.