हेवी लायसन्सच्या आधीची दोन वर्षे

निफाड तालुक्यातील एका मातेचे पत्र आले आहे. त्या लिहितात : "माझा मुलगा बारावी कला शाखेतून उत्तीर्ण झाला. त्याला अठरा वर्षे चार महिने पूर्ण झाली आहेत. पुढे शिकण्याची त्याची इच्छा नाही, ट्रकचालक व्हायचे आहे. माझ्या भावाची दहाचाकी गाडी आहे, पिंपळगाव आणि लासलगावहून कांदा भरून ती परराज्यात जाते. भाऊ म्हणतो की वर्षभर क्लीनर म्हणून बरोबर येऊ दे, रात्री हायवे मोकळा असला की मी त्याला स्टेअरिंग देत जाईन, लायसन्सचे नंतर पाहू. ओळखीचा एक एजंट तर लायसन्स घरपोच देतो म्हणतो. मुलाला चष्मा आहे. मी काय करावे?"

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात एक ओळ अशीही होती की 'ड्रायव्हर होणार' हे नातेवाइकांना सांगताना आपल्याला संकोच वाटतो. तो संकोच आपण मनातून काढावा, कारण नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष, कांदा आणि टोमॅटो ज्यांच्या भरवशावर बंदरापर्यंत आणि दूरच्या बाजारपेठांपर्यंत पोहोचतात, त्यांचे काम कोणत्याही कुशल कारागिराच्या कामाइतकेच शिकून घ्यावे लागते. मात्र आपल्या बंधूंनी सुचवलेल्या मार्गाला आपण स्पष्ट नकार द्यावा, असे माझे मत आहे. त्यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. त्यांच्या पिढीतील बहुतेक चालक याच रीतीने शिकले.

प्रथम वयाचा हिशोब पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार हलके वाहन चालवण्यासाठी अठरा वर्षांचे वय पुरते. परंतु मालवाहू ट्रकसारखे परिवहन वाहन चालवण्यासाठी वीस वर्षे पूर्ण असावी लागतात. याशिवाय ज्याच्याकडे हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष आहे, त्यालाच परिवहन वाहनाचे शिकाऊ लायसन्स मिळू शकते. म्हणजे मुलाने आज कारचे लायसन्स काढले नाही आणि विसाव्या वाढदिवसाच्या आदल्या महिन्यात ते काढले, तर त्याला एकविसाव्या वर्षापर्यंत थांबावे लागेल. त्यामुळे पहिले काम हेच की त्याने परिवहन खात्याच्या सारथी या संकेतस्थळावर हलक्या वाहनाच्या शिकाऊ लायसन्ससाठी अर्ज करावा. ते सहा महिने वैध असते आणि मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. आपल्या मुलाच्या बाबतीत ही चाचणी पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अखत्यारीत येईल. अनेक पालक विचारतात म्हणून सांगतो, बॅज, म्हणजे परिवहन कार्यालयाने दिलेला बिल्ला, हा प्रवासी वाहनाच्या चालकाला लागतो. मालाच्या गाडीवर त्याची गरज नसते.

या वीस महिन्यांत मुलाने नुसते बसून राहावे, असेही नाही. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असा निर्णय दिला की हलक्या वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा कमी असलेले परिवहन वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकते. बाजार समितीच्या आवारात टोमॅटोचे क्रेट घेऊन उभ्या असलेल्या पिकअप गाड्या सामान्यतः या मर्यादेत बसतात. पक्के लायसन्स हाती आल्यावर दिवसाउजेडी, गावापासून बाजार समितीपर्यंत असे लहान पल्ले त्याने मारले, तर माल भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यांच्या वागण्यातील फरक त्याला स्वतःच्या हाताला जाणवू लागेल. बंधूंचा दहाचाकी ट्रक मात्र या निर्णयात कोठेही बसत नाही.

आता त्या रात्रीच्या स्टेअरिंगविषयी. परवाना नसताना गाडी चालवणाऱ्याला पाच हजार रुपये दंड आहे आणि ती चालवायला देणाऱ्या मालकालाही तितकाच दंड स्वतंत्रपणे आहे; दोघांनाही तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण माझी खरी चिंता विम्याची आहे. परवाना नसलेल्या हाती गाडी असताना अपघात घडला, तर गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारते. आणि जखमीला किंवा मृताच्या वारसांना मोटार अपघात न्यायाधिकरणाच्या आदेशाने कंपनीला भरपाई द्यावी लागली, तरी ती रक्कम ट्रकमालकाकडून वसूल करण्याची मुभा तिला मिळू शकते. कर्जाचे हप्ते चालू असलेल्या गाडीच्या मालकाला असा एक निकाल पुरतो. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. अठरा वर्षांच्या मुलाला भाच्याच्या नात्याने दिलेले स्टेअरिंग किती महाग पडू शकते, हे आपण बंधूंना याच शब्दांत सांगावे. माझे पत्र वाचायला दिलेत तरी चालेल.

मामांकडून शिकूच नये, असे मात्र मी म्हणत नाही. मुलगा वीस वर्षांचा झाला, त्याच्या हाती परिवहन वाहनाचे शिकाऊ लायसन्स आले, गाडीला 'एल'ची पाटी लागली आणि शेजारी वैध हेवी लायसन्स, म्हणजे जड वाहनाचा परवाना, असलेले मामा गाडी थांबवता येईल अशा रीतीने बसले, तर तो सराव कायदेशीर आहे. त्याच्या जोडीला मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे फॉर्म ५ मधील प्रमाणपत्र लागते. जड वाहनासाठी हे प्रशिक्षण किमान तीस दिवसांचे आणि त्यात प्रत्यक्ष चालवणे किमान पंधरा तासांचे असावे, असा नियम आहे; २०२१ पासून अस्तित्वात आलेल्या अधिस्वीकृत प्रशिक्षण केंद्रांत हाच अभ्यासक्रम सहा आठवडे आणि ३८ तासांचा असतो. फी भरण्यापूर्वी स्कूलकडे स्वतःचा ट्रक आहे का आणि तो नेहमी वापरात असतो का, हे आपण डोळ्यांनी पाहून यावे. घरपोच लायसन्स देणाऱ्या एजंटाबद्दल एवढेच लिहितो की प्रत्येक लायसन्सची नोंद आज संगणकावर तपासता येते आणि चांगला मालक नोकरी देण्यापूर्वी ती तपासतो.

परवाना हा कागद झाला. हातातली विद्या निराळी. काही वर्षांपूर्वी मी आडगाव नाक्यावरील ट्रक टर्मिनलवर एका वयस्क चालकाला गाडी काढताना जवळून पाहिले. हातातली लोखंडी टॉमी प्रत्येक टायरवर ठोकत तो गाडीभोवती फिरत होता. एका आतल्या टायरचा आवाज बोदा आला, तसा तो थांबला आणि पुन्हा ठोकून पाहू लागला. जोडीच्या चाकांत आतला टायर बसला तर बाहेरून दिसत नाही, सगळा भार बाहेरच्यावर येतो, तो तापतो आणि फुटतो, असे त्याने मला समजावले. त्यानंतर त्याने चाकांचे नट पाहिले, ताडपत्रीचा दोर ओढून पाहिला, इंजिन सुरू केले आणि हवेच्या काट्याकडे पाहत तो बसून राहिला. ट्रकचा ब्रेक दाबलेल्या हवेवर चालत असल्याने टाकीत पुरेसा दाब भरेपर्यंत गाडी हलवायची नसते. या सगळ्याला दहा-बारा मिनिटे लागली असतील. आपल्या मुलाला मामांबरोबर क्लीनर म्हणून पाठवायचेच असेल, तर या दहा-बारा मिनिटांसाठी पाठवा.

इगतपुरी ओलांडून कसारा घाट उतरताना या विद्येची परीक्षा होते. माल भरलेली गाडी उतारावर स्वतःच्या वजनाने वेग घेते. चालक पायाच्या ब्रेकवरच विसंबून राहिला, तर ड्रम आणि लायनर तापतात, त्यांची पकड सैल होते आणि वारंवार ब्रेक मारल्याने टाकीतली हवाही भरण्यापेक्षा वेगाने संपते. आपण वर्तमानपत्रात 'ब्रेक निकामी झाल्याने' असे वाचतो, तेव्हा पुष्कळदा ब्रेक आधी बिघडलेला नसतो. उताराच्या पहिल्या वळणांवर तो चुकीच्या रीतीने वापरला गेलेला असतो. उपाय जुनाच आहे : घाट सुरू होण्याआधीच वेग कमी करून खालचा गिअर टाकायचा, सामान्यतः ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग कमी करणारा) असेल तर तो लावायचा आणि पायाचा ब्रेक मोजून-मापून वापरायचा. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे हा तर आत्मघात आहे. आणि ती बचतही खोटी, कारण आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनपुरवठा आपोआप बंद होतो. चांदवडजवळच्या राहूड घाटालाही हेच लागू आहे.

वेगाचेही गणित त्याला समजले पाहिजे. मालवाहू गाडीचा वेग नियंत्रक ताशी ८० किलोमीटरवर बांधलेला असतो. त्या वेगाने गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते, म्हणजे धोका दिसून पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच ती कितीतरी पुढे गेलेली असते. डाव्या बाजूला, ज्याला चालक क्लीनर साइड म्हणतात, तेथे केबिनला चिकटून आलेला दुचाकीस्वार आरशात दिसत नाही; द्वारका चौकासारख्या ठिकाणी डावीकडे वळताना हे पदोपदी ध्यानात ठेवावे लागते.

वजनाबाबत आपले बंधू कदाचित माझ्याशी वाद घालतील. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मर्यादा वाढवल्या. सहाचाकी, दोन ॲक्सलच्या ट्रकसाठी एकूण वजन १८.५ टन आणि दहाचाकी, तीन ॲक्सलच्या ट्रकसाठी २८.५ टन झाले. यात गाडीचे स्वतःचे वजनही धरलेले असते, हे अनेक जण विसरतात. मर्यादा ओलांडल्यास वीस हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवून घेतल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. कांद्याच्या गोण्या भर उन्हात रस्त्याच्या कडेला उतरवल्या गेल्या की वाचलेल्या भाड्यापेक्षा सडलेल्या मालाचे पैसे जास्त होतात. मालकाने जादा भरायला सांगितले तर चालकाने काय करावे, हा प्रश्न मुलापुढे नक्की येईल. नवख्या चालकाला नकार देणे कठीण असते, हे मी जाणतो. म्हणून वजनकाट्यावरची पावती मागून घेण्याची सवय त्याने पहिल्या दिवसापासून ठेवावी.

झोपेविषयी मामांशी खुलेपणाने बोलावे. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ पासूनच दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा कायद्यात आहे. एकट्या चालकाच्या लांब पल्ल्यात ती किती पाळली जाते, हे आपण घरातच पाहत असाल. चहा किंवा तंबाखूने झोप टळत नाही. पेंग येऊ लागली की सुरक्षित जागी गाडी लावून निजणे हाच उपाय. दारूच्या बाबतीत कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अशी असली, तरी ट्रकचालकाने ती शून्य समजावी.

पुढे प्रगती कशात, असेही आपण विचारले आहे. आपल्या जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडी येथे तेल कंपन्यांचे इंधन प्रकल्प आहेत आणि तेथून टँकर सतत निघतात. अशा धोकादायक मालासाठी लायसन्सवर वेगळी नोंद लागते. त्यासाठी तीन दिवसांचे विहित प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता येणे आवश्यक असते, कारण गाडीत ठेवलेले आपत्कालीन सूचनांचे कार्ड चालकाला वाचता आले पाहिजे. ही नोंद असलेले लायसन्स तीन वर्षे चालते, तर साधे परिवहन लायसन्स पाच वर्षे. मुदत संपून एक वर्ष उलटले तर चाचणी नव्याने द्यावी लागते. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये रद्द झाली, पण बारावी झालेल्या मुलाने तिचा आनंद मानण्याचे कारण नाही. त्याचे वाचन हेच त्याचे भांडवल आहे. मधल्या काळात त्याने आयटीआयमधील 'मेकॅनिक डिझेल' हा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला, तर तो वीस वर्षांचा होईल तेव्हा त्याच्या हाती दोन कसब असतील आणि पुढे प्रशिक्षक किंवा गाड्यांच्या ताफ्याचा पर्यवेक्षक होण्याची वाट खुली राहील. माझी पहिली पसंती याला आहे.

नोकरी धरताना पगार, खेपेचा भत्ता आणि जेवणखर्च वेगवेगळे लिहून घ्यावेत. दंड कोण भरणार, हेही आधीच ठरवावे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक झाले आहे, तेव्हा गाडी नवी आहे की जुनी, हेही विचारण्यास हरकत नाही.

राहिला चष्मा. परिवहन वाहनाच्या परवान्यासाठी फॉर्म १ए मध्ये डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. त्यात नजर, लाल-हिरवा रंग ओळखणे, रातांधळेपणा आणि श्रवणशक्ती पाहिली जाते. चष्म्याने नजर पूर्ण सुधारत असेल तर तो अडथळा ठरत नाही. तरीही फी, अर्ज आणि आयटीआयचा प्रवेश या सर्वांआधी मुलाला नेत्रतज्ज्ञाकडे नेऊन रात्रीची नजर आणि रंगांची ओळख मुद्दाम तपासून घ्यावी. तपासणीत काही उणे आढळले, तर तो कागद घेऊन मला पुन्हा लिहावे. त्या परिस्थितीत डिझेल मेकॅनिकचा मार्ग मुख्य धरून आपण वेगळी आखणी करू.

आपला,
करिअर मार्गदर्शक, नाशिक