१९५२ ची राज्यसभा आणि 'महाराष्ट्रातले खासदार': यादी का जुळत नाही

तुमचे प्रश्न मला समजले ते असे. १९५२ च्या निवडणुकीनंतर महाराष्ट्रातून राज्यसभेवर कोण कोण गेलं, आणि एकाच वेळी शपथ घेतलेल्या खासदारांची मुदत कुणाची १९५४, कुणाची १९५६ तर कुणाची १९५८ अशी का दिसते, यात चूक कुठली. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो कारण ते सोपंय. चूक कुठलीच नाही, तिन्ही बरोबर आहेत.

लोकसभेचं कसं, निवडणूक झाली की सगळे नवे, पाच वर्षांनी सगळे घरी. राज्यसभा बरखास्तच होत नाही, दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश लोक निवृत्त होतात. पण १९५२ ला तर सगळेच एकदम आले होते, मग पहिल्यांदा निवृत्त कुणाला करायचं? तर चक्क चिठ्ठ्या टाकल्या! राज्याराज्याच्या खासदारांचे तीन गट पाडले आणि कुणाच्या नशिबी दोन वर्षं, कुणाच्या चार, कुणाच्या सहा. सभागृह ३ एप्रिल १९५२ ला अस्तित्वात आलं (पहिली बैठक १३ मे ला), म्हणून या तिन्ही गटांची मुदत संपते ती २ एप्रिललाच, १९५४, १९५६ आणि १९५८. नंतरच्या नेहमीच्या निवडणुकांतून आलेल्यांना पूर्ण सहा वर्षं. आणि गंमत म्हणजे ती तारीख अजून सुटलेली नाही, २०२४ साली महाराष्ट्रातले सहा खासदार निवृत्त झाले तेसुद्धा २ एप्रिललाच.

आता महाराष्ट्र. १९५२ च्या यादीत 'महाराष्ट्र' शोधाल तर काहीच सापडणार नाही, कारण हे राज्यच १ मे १९६० चं. तेव्हा मराठी मुलुख तीन राज्यांत वाटलेला होता. मुंबई राज्याला १७ जागा होत्या पण त्यात गुजरात आणि कर्नाटकचा काही भागही आला, नागपूर-विदर्भ त्या वेळच्या मध्य प्रदेशात (१२ जागा) आणि मराठवाडा हैदराबाद राज्यात (११ जागा). गोवा पोर्तुगीजांकडे, त्यामुळे तिथला प्रश्नच नाही. म्हणजे तुम्हाला तिन्ही याद्या काढून त्यातून माणसं वेचायला लागणार. उदाहरणार्थ त्र्यं. र. देवगिरीकर मुंबईच्या यादीत, डॉ. वा. शि. बारलिंगे मध्य प्रदेशच्या आणि व्ही. के. ढगे हैदराबादच्या. उलट मुंबईच्या यादीत लीलावती मुन्शी दिसतील, त्या गुजराती. व्हायोलेट आल्वाही मुंबईतूनच गेल्या, पुढे १९६२ ला त्या राज्यसभेच्या उपसभापती झाल्या, आणि त्यांचे पती जोकिम आल्वा तेव्हा कारवार भागातून लोकसभेवर, म्हणजे नवरा-बायको एकाच वेळी संसदेत. त्यामुळे 'मुंबई राज्य म्हणजे महाराष्ट्र' असं धरून जी यादी फिरते तिच्यावर भिस्त ठेवू नका, तिच्यात विदर्भ-मराठवाडा गायब असतो आणि अहमदाबाद आत असतं.

बाबासाहेब आंबेडकर राज्यसभेवर कसे गेले हेही विचारलंय, ते जरा सविस्तर सांगतो, कारण यावर अर्धवट माहिती फार आहे. १९५२ ला ते मुंबई शहर उत्तर मतदारसंघातून लोकसभेला उभे होते. तेव्हा एकाच मतदारसंघातून दोन खासदार निवडायचे, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. राखीव जागेवर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांना हरवलं आणि सर्वसाधारण जागेवर त्यांच्या आघाडीतले समाजवादी अशोक मेहताही पडले. त्यानंतर लगेच बाबासाहेब मुंबई राज्यातून राज्यसभेवर निवडून गेले. आता लोक विचारतात की शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे (म्हणजे बाबासाहेबांच्या पक्षाचे) आमदार तर मुंबई विधानसभेत नावालाच होते, मग हे जमलं कसं. तर गणित बघा. विधानसभा ३१५ ची, काँग्रेस २६९, बाकी सगळे मिळून ४६. राज्यसभेला मतदान फक्त विधानसभेचे निवडून आलेले आमदार करतात (विधान परिषदवाल्यांना मत नाही) आणि पद्धत पसंतीक्रमाची, म्हणजे उमेदवारांपुढे १, २, ३ असा क्रम लिहायचा. १७ जागा म्हणजे ३१५ भागिले १८ (जागा अधिक एक), साडेसतरा, म्हणजे सगळ्यांनी मत दिलं असं धरलं तरी १८ आमदारांची पहिली पसंती मिळाली की माणूस आत. त्यामुळे ८५ टक्के आमदार असूनही काँग्रेसला स्वतःच्या जोरावर १५ च्या पुढे जाणं अवघड आणि विरोधक एकत्र राहिले तर दोन जागा आरामात. साध्या बहुमताची पद्धत असती तर १७ च्या १७ काँग्रेसच्या. माझ्या मते या निवडणुकीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, सगळे 'मागच्या दाराने संसदेत गेले' एवढंच म्हणून मोकळे होतात.

चिठ्ठीत बाबासाहेबांना चार वर्षं आली, म्हणजे २ एप्रिल १९५६ पर्यंत. मधे १९५४ ला राज्यसभेचे खासदार असतानाच त्यांनी भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. हे चालतं, दोन्हीकडे एकदम खासदार राहता येत नाही एवढंच. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात आणि ते स्वतः मुंबई राज्याचे खासदार, पण लोकसभेला देशात कुठेही मतदार असलात की पुरतं. राज्यसभेला त्या काळी त्याच राज्याचा मतदार असणं सक्तीचं होतं, ती अट २००३ ला काढली. भंडाऱ्यातही ते राखीव जागेवर हरले आणि सर्वसाधारण जागेवर यावेळी अशोक मेहता मात्र निवडून आले. मग १९५६ ला बाबासाहेब पुन्हा राज्यसभेवर निवडून गेले आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्यांचं निधन झालं. म्हणून काही ठिकाणी १९५२ ते ५६ अशी एकच नोंद दिसते, पण खरं म्हणजे त्या दोन मुदती आहेत, सलग असल्यामुळे एक वाटतात.

सदस्यसंख्येचा घोळही इथेच निस्तरतो. १९५२ ला २१६, त्यातले २०४ निवडून आलेले आणि १२ राष्ट्रपतींनी नेमलेले. काही ठिकाणी २१९ दिसतं ते आंध्र राज्य झाल्यानंतरचं (१ ऑक्टोबर १९५३), मद्रासच्या २७ जागा होत्या त्याऐवजी मद्रासला १८ आणि आंध्रला १२ झाल्या, तीन वाढल्या. याच आंध्र बिलावरच्या चर्चेत सप्टेंबर १९५३ ला बाबासाहेब अल्पसंख्याकांच्या संरक्षणावरून भडकले होते आणि ही राज्यघटना जाळायची वेळ आली तर पहिला मीच असेन अशा अर्थाचं बोलले होते. ते वाक्य लोक कुठूनही उचलून कुठेही चिकटवतात, संदर्भ हा आहे.

नेमलेल्या बारांमध्ये आपल्या जवळचं नाव काकासाहेब कालेलकर, साताऱ्यात जन्म आणि लेखन बरंचसं गुजरातीत. ते खासदार असतानाच १९५३ च्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्ष झाले. बाकी झाकिर हुसेन, सत्येंद्रनाथ बोस, मैथिलीशरण गुप्त, पृथ्वीराज कपूर असली मंडळी. पृथ्वीराज कपूरना चिठ्ठीत दोनच वर्षं आली पण १९५४ ला परत नेमलं, त्यामुळे ते १९६० पर्यंत दिसतात. नेमलेले लोक शोभेचे असतात म्हणणाऱ्यांना मी याच बारांतल्या नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेलचं नाव सांगतो. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध त्यांनी खासगी विधेयक आणलं, सरकारने आम्हीच कायदा करतो म्हणून ते मागे घ्यायला लावलं, आणि खरंच १९६० ला तो कायदा झाला. आज कुत्र्या-बैलांवरून कोर्टात जी भांडणं चालतात ती त्याच कायद्याखाली. आणि भारतरत्न पां. वा. काणे १९५२ च्या बारांत होते असं कुणी म्हणालं तर नाही, त्यांची नेमणूक १९५३ ची.

तर यादी करताना प्रत्येक नावापुढे राज्य, मुदत कधी सुरू, कधी संपली आणि का संपली (मुदत, राजीनामा, मृत्यू) हे चार रकाने ठेवा. मधेच जागा रिकामी झाली की पोटनिवडणुकीतून येणाऱ्याला फक्त उरलेली मुदत मिळते, सहा वर्षं नाही, त्यामुळे एकाच जागेवर दोन नावं आली तर दचकू नका. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाल्यावर विदर्भ-मराठवाड्यातले खासदार मुंबई राज्याच्या खात्यात आले, म्हणजे तोच माणूस आधी हैदराबाद आणि मग मुंबई असा दिसेल, ढग्यांचं तसंच झालं. आणि ऑगस्ट १९५४ च्या आधीच्या कागदांत 'राज्यसभा' शोधू नका, 'काउन्सिल ऑफ स्टेट्स' शोधा. शेवटी 'स' नसलेलं सापडलं तर ते इंग्रजांच्या काळातलं वेगळं सभागृह.

विदर्भाची नावं आधी काढा, सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.