दोन देशांतली रूढी की वहिवाट?

लेखी करार नसताना दोन शेजारी देश वर्षानुवर्षं एखादी गोष्ट पाळतात आणि पुढे ती कायद्याइतकी बंधनकारक ठरते. तिला मराठीत प्रथा म्हणावं, रूढी की वहिवाट, असा प्रश्न आहे.

जगभरच्या देशांना लागू असलेल्या अशा कायद्याला 'रूढी' हाच शब्द योग्य. पण दोघांपुरत्या हक्कासाठी मी 'वहिवाट'च म्हणेन, आणि त्याला आपल्याच इतिहासातला भक्कम आधार आहे.

पोर्तुगीजांना आपल्या ताब्यातल्या दमणहून आपल्याच दादरा आणि नगर-हवेलीला जायचं तर मधला भारतीय मुलूख ओलांडावा लागे. १९५४ साली भारतानं ती वाट बंद केली. पोर्तुगालनं १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला आणि पेशवाईतले कागद पुढे केले: १७७९चा पुण्याचा तह आणि त्यानंतरच्या सनदा. न्यायालयानं ते बारकाईनं वाचले. मराठ्यांनी दिला होता तो १२,००० रुपये वसुलाच्या गावांचा सरंजाम, म्हणजे फक्त महसूल घेण्याचा हक्क. मुलखाचं स्वामित्व दिलं नव्हतं, मग त्यातून वाटेचा हक्क कुठून निघणार?

हक्क निघाला तो नंतरच्या व्यवहारातून. इंग्रजी अमलात आणि पुढे स्वतंत्र भारतातही, मिळून सव्वाशेहून अधिक वर्षं, सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल तिथून अखंड ये-जा करत होते. दोनच देशांत अशी स्थानिक रूढी तयार होऊ शकत नाही, हा भारताचा युक्तिवाद १२ एप्रिल १९६०च्या निकालात फेटाळला गेला.

सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रं यांच्याबाबत मात्र तोच इतिहास उलटा बोलला. त्यांना परवानगी घ्यावी लागे. १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज तहातही फौजेसाठी तशी अट होती. म्हणून तिथे हक्क मान्य झाला नाही. शेताच्या बांधावरून रोज बिनदिक्कत जाणारा वहिवाट सांगू शकतो; दर खेपेला विचारून जाणाऱ्याला मालकानं दिलेली ती मुभा असते. हा फरक 'प्रथा' या शब्दात उमटत नाही, 'वहिवाट' मध्ये उमटतो.

हक्क मान्य होऊनही भारत दोषी ठरला नाही. ये-जा भारताच्या नियंत्रणाखालीच होती, आणि १९५४च्या तणावात ती थांबवणं त्या अधिकारात बसतं, असं न्यायालयानं म्हटलं. लिहिताना म्हणून 'वहिवाटीचा हक्क' म्हणावं, पण त्याला 'मालकी'च्या जवळ नेऊ नये.