सपाट स्लॅबचे घर आणि पाहुण्यांच्या खोल्या

प्रश्न : वडिलांनी 1968 साली गुहागरजवळ बांधलेले आमचे घर गावातल्या कौलारू घरांहून अगदी वेगळे आहे. सपाट स्लॅब, पश्चिमेला भिंतभर काचेच्या खिडक्या आणि जेवणघरासह एकच प्रशस्त दिवाणखाना. तेथे आता निवास-न्याहारीची सोय करायची आहे. दिवाणखान्यात भिंती घालून तीन खोल्या काढाव्यात आणि गळक्या स्लॅबवर पत्रा चढवावा, असे ठेकेदार म्हणतो. घराचे मूळ रूप जाईल, अशी आईला धास्ती वाटते.
— एक वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर : आपल्या आईंची धास्ती रास्त आहे, मात्र ती पत्र्यापेक्षा भिंतींविषयी अधिक असायला हवी.

चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथे वास्तुशिल्पी मीस व्हान डेर रोए यांनी 1930 साली पूर्ण केलेला व्हिला टुगेनथाट हा बंगला दुसऱ्या महायुद्धानंतर आधी नृत्यशाळा झाला, मग पाठीच्या कण्याचे विकार असलेल्या मुलांसाठी व्यायाम-उपचाराचे केंद्र झाला आणि आज ते संग्रहालय आहे. इतकी स्थित्यंतरे त्याला पेलली, कारण छताचा भार पोलादी खांबांवर होता आणि मधले दालन मोकळे होते. आपला दिवाणखानाही तसाच मोकळा ठेवावा. तेथे भिंती उभ्या राहिल्या, तर समुद्राकडून येऊन मागील दारी निघणारा वारा अडेल आणि खोल्या कोंदट होतील. पाहुण्यांना मागच्या झोपण्याच्या खोल्या द्याव्यात, दिवाणखाना सर्वांच्या जेवणाखाण्यासाठी राहू द्यावा.

त्या खोल्यांना संडास-न्हाणी जोडण्यासाठी दारे फोडण्याआधी एक गोष्ट तपासावी. कोकणातील त्या काळची अनेक घरे दिसायला आधुनिक असली, तरी त्यांचा स्लॅब खांब-तुळयांवर नसून थेट चिऱ्याच्या भिंतींवर टेकलेला असतो. तसे असल्यास भिंत फोडणे म्हणजे छताचा आधार काढणे होय, आणि ठेकेदाराच्या अंदाजावर हे सोडता येणार नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवावे.

गळतीमुळे संकोचू नये. वास्तुशिल्पी ल कॉर्बुझिए यांचा पॅरिसजवळचा प्रख्यात बंगला व्हिला साव्वाही गळत असे, आणि आपल्याकडे तर वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. खरा धोका खाऱ्या हवेचा आहे. मीठ काँक्रीटमध्ये मुरले की आतली सळई गंजते, गंजून फुगते आणि स्लॅबचे खालचे पापुद्रे सुटतात. आजचे मानक किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला सळईवर 45 मिलिमीटरचे आवरण मागते. जुन्या स्लॅबांत ते बहुधा बरेच कमी असते. अशा स्लॅबवर जुन्या कोब्यावर (गळती रोखणाऱ्या थरावर) नवा कोबा घालणे मला सर्वांत घातक वाटते, कारण चार इंची कोब्याचे वजन चौरस मीटरला दीडशे किलोंच्या वर जाते. त्या मानाने पत्रा हलका. तो कठड्याच्या आत, कमी उताराने, खालून वारा खेळेल असा आणि पुढे काढता येईल असा बसवावा, म्हणजे रस्त्यावरून घराची सपाट रेषा तशीच दिसेल. पश्चिमेच्या खिडक्यांवर मात्र झड येणारच; तिथे पावसाळ्यापुरती झापे (माडाच्या झावळ्यांचे विणलेले पडदे) बांधायला काहीच हरकत नाही.

गळतीच्या जागा ऐन पावसात खडूने खुणावून ठेवाव्यात आणि दुरुस्ती दिवाळीनंतर, स्लॅब पुरता वाळल्यावर सुरू करावी.