डोकं दुखतंय, पण मूळ मानेत असेल तर?

फिजिओथेरपी विभागात समुपदेशनासाठी येणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "मॅडम, डोक्यात गाठ तर नसेल ना?" घरी ब्लाउज शिवणाऱ्या, चाळिशी उलटलेल्या एका ताईंचंही तेच होतं. लग्नसराईत मशीनवर बसल्या की दुपारपर्यंत मान भरून यायची, मग उजवीकडून कळ वर चढून थेट डोळ्यामागे. एमआरआय नॉर्मल होता. पण एक्स-रेच्या कागदावर मणक्यांची झीज लिहिलेली, त्या धास्तीनं दिवसभर मानेला पट्टा आणि रोज एक गोळी.

"डोळा दुखतो, त्यात मानेचा काय संबंध?" हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त. मानेतल्या सगळ्यात वरच्या 3 नसा आणि कपाळ-डोळ्याकडून येणारी नस मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला एकाच ठिकाणी येऊन मिळतात. म्हणून दुखणं मानेतलं असलं तरी ते कपाळात जाणवतं. तपासताना मानेचा वरचा भाग दाबल्यावर नेमकी तीच कळ उठली, तेव्हा ताईंचा विश्वास बसला. अर्थात मायग्रेनमध्येही मान दुखते, त्यामुळे निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावं.

झिजेचं मी सगळ्यांनाच सांगते. या वयात एक्स-रेत ती सर्रास दिसते, काहीच न दुखणाऱ्यांच्याही. पट्टा मात्र सतत वापरला की स्नायू दुबळे होतात. आणि साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, अशी 3 महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर गोळीमुळेच डोकेदुखी जडू शकते. ताईंची गोळी डॉक्टरांनी बंद केली. पहिले काही दिवस जड गेले, त्याची कल्पना आधीच दिली होती.

हूक लावताना मान खाली जाते, म्हणून मांडीवर उशी घेतली. बॉबिन संपली की उठून चार पावलं टाकायची, हे ताईंनीच ठरवलं. जोडीला फिजिओथेरपिस्टनं शिकवलेले मानेचे व्यायाम. काही महिन्यांत दुखणं बरंच उतरलं. लग्नसराईत अजून कधीमधी डोकं वर काढतं, पण गाठीची भीती गेली.

त्यांचे मिस्टर त्यांना मान कडकन मोडून घ्यायला नेणार होते. ते कृपा करून टाळा. मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. डोकं एकाएकी असह्य दुखलं, तापासोबत मान ताठरली, बोलणं अडखळलं, हातापायातली ताकद गेली किंवा मार लागल्यावर दुखणं सुरू झालं, तर माझ्याकडे येण्यात वेळ घालवू नका, तडक दवाखाना गाठा.