ह्यूस्टनला येण्याआधी: स्पॅनिश बोलणारा रुग्ण आणि पीटीएसडीची चाचपणी

नमस्कार. पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल. करून काही वर्षे काम केल्यावर तुम्ही यजमानांच्या बदलीमुळे ह्यूस्टनला येत आहात आणि मेंदूला इजा झालेल्या रुग्णांच्या पुनर्वसनात काम करण्याची तुमची इच्छा आहे. तिथले बरेच रुग्ण स्पॅनिश बोलणारे असतील, तर त्यांच्यात आघातोत्तर तणावाची, म्हणजे पीटीएसडीची, चाचपणी आपल्याला जमेल का आणि त्यासाठी स्पॅनिश शिकावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी याच शहरात अशा एका विभागात अकरा वर्षे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

परवान्याचे थोडक्यात सांगते. आपली आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेची, नोंदणी इथे चालत नाही. टेक्सासचा परवाना स्वतंत्र काढावा लागतो आणि एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, कामाची परवानगी सरसकट मिळत नाही. ती चौकशी आजच सुरू करा.

इथे सर्रास वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे पीसीएल-५. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या खात्याच्या राष्ट्रीय पीटीएसडी केंद्राने ती तयार केली. गेल्या महिनाभरातील त्रासाबद्दल २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८०, आणि ३१ ते ३३ च्या आसपास गेले की सविस्तर मुलाखत घ्यायची, असा साधारण दंडक आहे. स्पॅनिश भाषांतरे उपलब्ध आहेत, त्यामुळे नवखा माणूस निर्धास्त होतो. खरी अडचण मात्र भाषांतराच्या आधीच सुरू होते. घटनेतला महत्त्वाचा भाग न आठवणे, आवड उडणे, माणसांपासून तुटल्यासारखे वाटणे, आनंद न जाणवणे, चिडचिड, बेफिकिरीने धोका पत्करणे, लक्ष न लागणे आणि झोप बिघडणे हे आठही प्रश्न डोक्याला जबर मार लागलेल्या माणसाला तंतोतंत लागू पडू शकतात, मग मनावर आघाताची खूण असो वा नसो. आठ चोक बत्तीस, म्हणजे निव्वळ मेंदूच्या इजेनेही रुग्ण त्या रेषेपर्यंत पोहोचू शकतो.

मी पहिल्याच वर्षी यात फसले. छपराचे काम करताना शिडीवरून पडलेला चाळिशीचा एक मजूर होता आणि त्याचे गुण ३४ भरले. मी अहवालात 'पीटीएसडीची दाट शक्यता' असे लिहून मोकळी झाले. एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी तो कागद घेऊन मघाशी सांगितलेल्या आठ प्रश्नांभोवती पेन्सिलीने गोल काढले, तर ३४ पैकी २९ गुण त्या गोलांमध्येच होते. वाईट स्वप्ने शून्य, टाळाटाळ शून्य. गडी पुन्हा शिडीवर कधी चढू देता, एवढेच विचारत होता.

याच्या उलटही घडते. मोटार अपघातातून वाचलेल्या एका बाईंना अपघात आठवतच नव्हता, त्यामुळे त्याबद्दलच्या प्रश्नांना त्या प्रामाणिकपणे 'नाही' म्हणत गेल्या आणि गुण १४ भरले. पण घरी मायक्रोवेव्हची शिटी वाजली की त्यांचे हातपाय गार पडत, कारण त्यांचा खरा आघात अतिदक्षता विभागातला होता, जिथे यंत्रे रात्रंदिवस तशीच वाजत असत. आणखी काही रुग्णांचा आघात त्याहूनही जुना असतो: मध्य अमेरिकेतली हिंसा किंवा सीमेपर्यंतचा प्रवास. तेव्हा कोणत्या घटनेबद्दल विचारतो आहोत, हे आधी नक्की करा. रुग्ण किती दिवस गोंधळलेल्या अवस्थेत होता, हेही पाहा. ती अवस्था संपेपर्यंत ही प्रश्नावली हातात घेऊच नये. ती संपल्याचे ओळखण्यासाठी गोट ही चाचणी वापरतात, जी १९७९ साली इथून जवळच्याच गॅल्व्हस्टनच्या नावाने प्रसिद्ध झाली. १०० पैकी ७५ च्या वर गुण टिकून राहिले की मग पुढचे बोलावे.

अपघातातून वाचलेल्या त्या बाई आपल्या त्रासाला 'सुस्तो' म्हणत होत्या. मोठ्या भीतीने जीव अंगातून निसटतो आणि माणूस खंगत जातो, अशी मेक्सिको व मध्य अमेरिकेत रुजलेली ही कल्पना आहे. आपल्याकडे 'तिने धसका घेतला' म्हणतात ना, त्याच्या फार जवळची. इंग्रजीतून शिकलेल्या माझ्या सहकाऱ्यांना ती समजावून घ्यावी लागली, मला लागली नाही. 'कोराहे' हा शब्दही ऐकाल. शब्दकोशात त्याचा अर्थ धैर्य असाही दिसेल, पण मेक्सिकन रुग्ण तो बहुधा रागासाठी वापरतो. नोंदीत 'भाषा: स्पॅनिश' असले, तरी ग्वाटेमालाहून आलेल्याची मातृभाषा माम किंवा किचे यांसारखी तिथली माया भाषा असू शकते, हेही लक्षात ठेवा.

स्पॅनिश जरूर शिका, पण ती ऐकण्यासाठी. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये प्रश्नावली घेऊ नका. पात्र दुभाषा विनामूल्य मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे, आणि तातडीची वेळ सोडून अल्पवयीन मुलांना दुभाषा करण्यास २०१० च्या आरोग्य कायद्याखालील नियमांनी मनाई आहे. तरीही बाराएक वर्षांची मुलगी बापाच्या वतीने उत्तरे देऊ लागते, आणि तिच्यासमोर बाप रात्री रडतो हे कधीच सांगणार नाही. दुभाषाला आधीच सांगून ठेवा की प्रश्न सौम्य करू नये, पदरची उदाहरणे घालू नयेत आणि रुग्णाचे खास शब्द भाषांतर न करता तसेच सांगावेत. तुम्ही मात्र रुग्णाकडे बघून बोला. ज्यांचे शिक्षण कमी झाले आहे, त्यांना 'थोडे', 'मध्यम', 'बरेच' यांतला फरक कागदावर कळत नाही, म्हणून मी 'आठवड्यातून किती रात्री?' असेही विचारते आणि उत्तर गुणांशेजारी लिहून ठेवते. तो आकडा नंतर अहवालात फार उपयोगी पडतो.

येण्याआधी एक करा. पीसीएल-५ चे वीसही प्रश्न तुमच्या एखाद्या सहकाऱ्याला मराठीत तोंडी विचारून पाहा, कागद न बघता. जिथे तुम्ही अडखळाल, बहुधा तिथेच इथला दुभाषाही अडखळतो. माझी गाडी अजूनही 'आनंद किंवा माया जाणवत नाही का' या चौदाव्या प्रश्नावर अडते.